मेडिकल ग्रेड मधाचं जेल आणि मधाच्या पट्ट्या : चिघळलेल्या जखमेवर वापरून बघितल्यावर

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच जातील. मेडिकल ग्रेड, म्हणजे जखमेसाठी निर्जंतुक केलेल्या मधाचं जेल आणि तोच मध भरलेल्या पट्ट्या दोन्ही चांगल्या आहेत, पू धरलेल्या, वास मारणाऱ्या, पिवळा थर साचलेल्या उथळ जखमेवर तर फारच चांगल्या, पण बॉक्सवर जे छापलंय त्यातलं निम्मं सोडून द्या. हे अँटिबायोटिक नाही, हे ड्रेसिंग आहे. ड्रेसिंग म्हणून घेतलंत तर खूश व्हाल, औषध म्हणून घेतलंत तर पस्तावाल. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. उरलेले दीड स्टार कुठे गेले ते पुढे येईलच.

ब्रँडचं नाव मुद्दाम टाळतेय, कारण माझ्या ज्या तक्रारी आहेत त्यातल्या बऱ्याचशा ह्या प्रकारच्या कुठल्याही प्रॉडक्टला लागू पडतील आणि एकाच कंपनीला धरून झोडण्यात काही अर्थ नाही.

वापर कोणासाठी झाला तर बाबांसाठी. नडगीवर खरचटलं, त्यांनी ते कोणाला सांगितलंच नाही (सगळ्या बाबांची सवय), आणि जेव्हा पँटला डाग दिसायला लागले तेव्हा बघितलं तर तळहाताएवढी जखम, मध्ये पिवळसर चिकट थर, कडेने लाली आणि वास. नडगीवर मांस कमी, रक्तपुरवठा बेताचा, त्यात वय, त्यामुळे तिथली जखम रेंगाळतेच असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी पू तपासायला पाठवला, रिपोर्टमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू आला, लाली पसरत होती म्हणून पोटातून अँटिबायोटिक चालू केलं आणि वरून लावायला मधाचं ड्रेसिंग लिहून दिलं. म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी चालू होत्या हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा. "मधाने बाबा बरे झाले" असं मी म्हणणार नाही, कारण लाली उतरली ती गोळ्यांनी की मधाने हे मला कुठून कळणार, आणि असे जे रिव्ह्यू असतात ना, चमत्कार झाला वगैरे, त्यात ही गोळ्यांची भानगड नेमकी गाळलेली असते.

आता वस्तू. तीन प्रकार मिळतात. एक ट्यूबमधलं जेल, ज्यात मध असतोच पण तो वाहून जाऊ नये म्हणून घट्ट करणारं काहीतरी मिसळलेलं असतं. दुसरा प्रकार म्हणजे मध जिरवलेली जाळीदार गॉझ. तिसरा अल्जिनेटची पट्टी, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेले तंतू, त्यात मध भरलेला. ह्या पट्टीचा फायदा असा की जखमेतलं पाणी शोषलं की तिचाच जेल होतो आणि मध एकदम न वाहता हळूहळू सुटत राहतो. आम्ही जेल आणि अल्जिनेट वापरलं, गॉझ एकदाच, ती जखमेला चिकटत नाही हे खरं पण जास्त पाणी सुटणाऱ्या जखमेवर ती तासाभरात ओलीचिंब होते, त्यामुळे तिच्याबद्दल फार बोलत नाही.

पहिल्या ड्रेसिंगला ड्रेसिंग करायला येणाऱ्या सिस्टर होत्या. मी ट्यूब थेट जखमेवर धरणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "ताई, जखमेवर नाही, पट्टीवर लावा आणि मग पट्टी ठेवा." कारण ओल्या जखमेवर जेल पिळलं की ते घसरतं, कडेला ओघळतं आणि जिथे पाहिजे तिथे राहतच नाही. पट्टीवर तीनेक मिलिमीटरचा थर द्यायचा, तोही कंजूषपणा न करता. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठातले पीटर मोलन, ज्यांनी मधाच्या ह्या विषयात आयुष्य घातलं, ते १० बाय १० सेंटिमीटरच्या पट्टीला साधारण २० मिली मध सांगायचे. आपण घरी लावतो त्याच्या तिप्पट चौपट होतो हो हा. पत्रकावर मात्र फक्त "पुरेसे लावावे". पुरेसे म्हणजे किती ते ज्याने त्याने देवाला विचारावं.

मग सिस्टर बाबांना म्हणाल्या, "आजोबा, थोडं झोंबेल हं." थोडं नाही, चांगलंच झोंबलं. बाबा तसे सोशिक आहेत पण पहिली पंधरा-वीस मिनिटं पाय हलवत बसले. हे का होतं तर मध आंबट असतो, चवीला गोड लागला तरी त्याचा पीएच साधारण ३.२ ते ४.५ च्या मधे असतो, आणि उघड्या जखमेवर एवढं आम्ल पडलं की चुरचुरणारच. शिवाय तो जखमेतलं पाणी ओढून घेतो, तो ताण वेगळा. पुढच्या ड्रेसिंगना झोंबणं कमी होत गेलं, पण ज्यांना जखम आधीच ठणकते त्यांनी आधीच डॉक्टरांशी बोलून वेदनेची गोळी घेऊन ठेवलेली बरी. पत्रकात ह्याबद्दल एक ओळ आहे, "किंचित जळजळ संभवते". किंचित! बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "अगं ज्याने लिहिलंय त्याच्या नडगीला लावून बघ."

आता मूळ मुद्दा, म्हणजे मध जंतू मारतो का. मारतो, आणि एका कारणाने नाही तर तीन-चार कारणांनी मिळून मारतो, म्हणूनच मला ही गोष्ट आवडली. सगळ्यात साधं कारण साखर. मधात ऐंशी टक्क्यांच्या आसपास साखर आणि पाणी सतरा-अठरा टक्के, आणि तेही पाणी साखरेने असं धरून ठेवलेलं असतं की जंतूला त्यातलं काही मिळत नाही, उलट त्याच्यातलंच पाणी बाहेर ओढलं जातं. मुरांब्याला बुरशी येत नाही ना, तेच. पण नुसतं हेच असतं तर साखरेचा पाक लावून काम भागलं असतं, कारण जखमेतून पाणी सुटलं की मध पातळ होतो आणि साखरेचा हा जोर उतरतो.

तिथे दुसरी गोष्ट सुरू होते. मधमाशी मध करताना त्यात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम टाकते. घट्ट मधात ते झोपलेलं असतं, मध पातळ झाला की जागं होतं आणि ग्लुकोजपासून ग्लुकोनिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करायला लागतं. म्हणजे साखरेचा जोर जिथे संपतो तिथे पेरॉक्साइडचा चालू होतो, अगदी शिफ्ट बदलल्यासारखं. आणि ह्याचं प्रमाण बाटलीतल्या ३ टक्के पेरॉक्साइडच्या मानाने जवळजवळ हजारपट कमी असतं, पण ते सतत थोडं थोडं तयार होत राहतं, त्यामुळे बाटलीतलं ओतल्यावर जो फेस येतो आणि चांगल्या पेशीही होरपळतात तसं होत नाही. मधात जंतू मारणारं काहीतरी आहे हे १९३० च्या दशकात माहीत होतं, त्याला इनहिबिन असं नाव पण दिलेलं होतं, पण ते म्हणजे हे पेरॉक्साइड हे कळायला १९६० चं दशक उजाडलं.

अडचण अशी की आपल्या रक्तात आणि जखमेच्या पाण्यात कॅटलेज नावाचं एन्झाइम असतं, ते पेरॉक्साइड मोडून टाकतं. म्हणजे प्रयोगशाळेतल्या बशीत जो मध जोरदार चालतो तो प्रत्यक्ष जखमेत थंड पडू शकतो. इथे मनुका मधाची एंट्री होते. मनुका हे न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातलं झुडूप, आपल्या सुक्या मनुकांशी काहीही संबंध नाही (ओळखीत एकाने खरंच विचारलं होतं, म्हणून लिहितेय). ह्याच्या मधातलं पेरॉक्साइड काढून टाकलं तरी जंतू मरत होते, मोलन आणि त्यांच्या लोकांना हे माहीत होतं पण कशामुळे ते सापडत नव्हतं. २००८ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हेन्ले यांच्या गटाने आणि त्याच वर्षी न्यूझीलंडमधल्या संशोधकांनीही दाखवलं की ते मिथाइलग्लायऑक्सल आहे, बॉक्सवर एमजीओ लिहिलेलं असतं ते हेच. फुलाच्या रसात डायहायड्रॉक्सीअॅसिटोन असतं, मध साठवून ठेवला की त्याचं हळूहळू एमजीओ होतं. कॅटलेज ह्याचं काही वाकडं करू शकत नाही.

पण म्हणून मनुका सोडून बाकी सगळे मध फुकट असंही नाही. नेदरलँड्समध्ये ग्रीनहाउसमध्ये ठरावीक पद्धतीने तयार होणारा रेव्हामिल नावाचा मेडिकल मध आहे, त्यात एमजीओ कमीच, पण २०१० मध्ये अॅम्स्टरडॅमच्या संशोधकांना त्यात मधमाशीच्या शरीरातलंच एक जंतुनाशक प्रथिन सापडलं, बी डिफेन्सिन-१. म्हणजे मधमाशी स्वतःच्या रक्षणासाठी जे वापरते तेच मधात उतरलेलं. हे वाचून मला मधमाशीबद्दल एकदम आदर वाटायला लागला.

आकड्यांचं थोडं सांगते कारण सगळे तिथेच फसतात. खायच्या मनुका मधाच्या बरणीवर यूएमएफ १०, १५, २० असे आकडे असतात. हा आकडा मुळात स्टॅफ जंतूवर त्या मधाचा परिणाम किती टक्के फिनॉलइतका (फिनॉल म्हणजे एक जुनं जंतुनाशक) होतो ह्यावरून आला, म्हणजे यूएमएफ १० म्हणजे १० टक्के फिनॉलच्या तोडीचा, आणि यूएमएफ १० ला किलोमागे साधारण २६३ मिलिग्रॅम एमजीओ असतं. ठीक. पण आकडा मोठा म्हणजे ती बरणी जखमेला चालते असा अर्थ नाही. बरणीतला मध निर्जंतुक नसतो. त्यात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनमचे बीजाणू असू शकतात, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका म्हणतात ते ह्याच्यामुळेच, आणि तेच बीजाणू खोल जखमेत नेऊन ठेवायची काय हौस. मेडिकल ग्रेड मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात, कारण उकळला तर बीजाणू तर सहजी मरत नाहीतच, वर ते पेरॉक्साइडवालं एन्झाइम मात्र मरतं. किरणांनी बीजाणू जातात आणि मधाचा गुण राहतो. तुम्ही पैसे मोजता ते ह्या निर्जंतुक करण्याचे आणि प्रत्येक बॅचचा जोर तपासल्याचे. म्हणून "घरात मध आहे की, ट्यूब कशाला" ह्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ नाही असं आहे, घरातला चहात घाला. दुकानातल्या बऱ्याच मधाला गरम करून गाळलेलं असतं, कधी साखरेचा पाक मिसळलेला असतो, त्यात जंतू मारायचं काय उरलंय कोणाला माहीत.

मावशीचं म्हणणं पडलं की पूर्वीचे लोक साधाच मध लावत होते ना. होते, सुश्रुतसंहितेत जखमेवर मध आणि तूप आहे, इजिप्तच्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये, जो इसवीसनापूर्वी १६०० च्या सुमाराचा आहे, जखमेवर मध, चरबी आणि तंतू बांधायला सांगितलंय. बरोबर आहे, पण त्यांच्याकडे दुसरं होतं काय. शिवाय मध लावून जे गेले त्यांनी थोडंच काही लिहून ठेवलंय.

तर आता प्रत्यक्षात काय दिसलं. सगळ्यात आधी गेला तो वास. मी नाक दाबूनच पट्टी काढायची, आणि दोन-तीन ड्रेसिंगनंतर लक्षात आलं की अरे आपण नाक दाबलेलंच नाही. ह्याचं कारण पण मजेशीर आहे. जंतू जखमेतली प्रथिनं खातात तेव्हा अमोनिया आणि गंधकाचे वास मारणारे पदार्थ सुटतात, समोर ग्लुकोज आलं की ते आधी ग्लुकोज खातात आणि त्यातून लॅक्टिक आम्ल होतं, ज्याला तसा वास नाही. म्हणजे वास गेला ह्याचा अर्थ जंतू गेले असा लगेच धरू नका. बॉक्सवर "दुर्गंधी घालवते = संसर्ग घालवते" अशा थाटात लिहिलंय ते मला खटकलं.

दुसरा फरक त्या पिवळ्या थरात. मध शरीरातलं पाणी जखमेकडे ओढतो, त्याने तो मेलेला चिकट थर भिजून सैल होतो आणि पट्टीबरोबर थोडा थोडा निघून येतो, खरवडायला लागत नाही. इथे एक गोष्ट कोणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं: हा थर निघायला लागला की जखम सुरुवातीला मोठी दिसते. आम्ही घाबरलो. सिस्टरनी बघितलं, म्हणाल्या, "मोठी नाही झाली, आता खरी दिसतेय." आणि खाली लालबुंद दाणेदार मांस दिसायला लागलं होतं. काढताना पट्टी चिकटली नाही, रक्त नाही, हे साध्या कोरड्या गॉझच्या मानाने फारच सुखाचं. कोरडी गॉझ ओढून काढताना बाबांचा चेहरा मी बघितलाय, त्यामुळे नुसत्या ह्या एका गोष्टीसाठी एक पूर्ण स्टार.

आता दीड स्टारचं. पहिली तक्रार गळतीची. शरीराच्या उष्णतेने मध पातळ होतो, जखमेचं पाणी त्यात मिसळतं आणि पट्टीच्या कडेने तपकिरी चिकट ओघळ येतात. चादर, पायमोजा, सोफा, सगळीकडे. एकदा सकाळी बाबांच्या गादीवर मुंग्यांची रांग. हसू नका, जखमेजवळ मुंग्या ही गमतीची गोष्ट नाही. ह्यावर उपाय म्हणजे वरून जाड शोषणारं पॅड आणि त्यावर नीट चिकटणारी पट्टी, आणि सुरुवातीला पाणी जास्त असेल तर रोज बदलायचं. पत्रकात सात दिवस ठेवता येईल असं आहे. पाणी कमी झाल्यावर ठेवता येत असेल, आधी नाही, आमची तर दुसऱ्या दिवशीच जेल म्हणून काही शिल्लक नसायची, नुसतं गोडसर पाणी. आणि मध पातळ झाला की त्याचा जोरही त्याच प्रमाणात कमी होणार, हे साधं गणित आहे.

दुसरी तक्रार ह्याच्याच पोटातली. सतत ओलं राहून जखमेच्या कडेची चांगली कातडी पांढरी पडली, आपण खूप वेळ पाण्यात राहिलो की बोटं होतात तशी. तशी कातडी पटकन फाटते आणि जखम पसरते. सिस्टरनी कडेने बॅरियर क्रीम लावायला सांगितलं, पट्टी जखमेच्या मापाची कापायला सांगितली, मग थांबलं. हे दोन्ही पत्रकात ठळक असायला हवं होतं. त्याऐवजी ठळक काय तर मधमाशीचं चित्र.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर. "सर्व प्रकारच्या जंतूंवर, अगदी एमआरएसएवरही प्रभावी" हे वाक्य. प्रयोगशाळेत हे खरं आहे, एमआरएसए, स्यूडोमोनास असे भलेभले अँटिबायोटिकना न जुमानणारे जंतू मधाने मरतात, आणि प्रयोगशाळेत जंतूंना मुद्दाम कमी मधात वाढवून मधाला सरावलेले जंतू तयार करायचा प्रयत्न झाला तोही जमला नाही, बहुतेक मध एकाच वेळी इतक्या बाजूंनी हल्ला करतो म्हणून. हे फार मोलाचं आहे, मी नाकारत नाही. पण बशीतला जंतू आणि नडगीतला जंतू ह्यात फरक आहे. वर लावलेला मध जिथे पोचतो तिथेच मारणार, कातडीखाली पसरलेल्या लालीला, हाडात गेलेल्या संसर्गाला, रक्तात गेलेल्याला तो काही करू शकत नाही. बॉक्सवर "ताप आला, लाली पसरली, ठणका वाढला तर ताबडतोब डॉक्टरकडे जा" हे वाक्य मधमाशीएवढ्या आकारात पाहिजे. आमच्या बॉक्सवर ते पत्रकाच्या मागच्या बाजूला, भिंग लावून वाचावं लागेल अशा अक्षरात.

माणसांवरच्या चाचण्या काय म्हणतात ते मी जरा खोदून वाचलं. सोलापूरच्या मेडिकल कॉलेजातले डॉ. सुब्रह्मण्यम यांचा १९९१ चा अभ्यास ह्या विषयात जगभर सांगितला जातो, १०४ भाजलेले पेशंट, निम्म्यांना मध आणि निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिन हे भाजल्यावर लावायचं नेहमीचं मलम, आणि सात दिवसांत मधवाल्यांतल्या ९१ टक्क्यांच्या जखमा जंतुमुक्त, सिल्व्हरवाल्यांत फक्त ७ टक्के. आकडे वाचून डोळे विस्फारतात. इतके की थोडी शंकाही येते, मला तरी आली. पण २०१५ च्या कॉक्रेन आढाव्याने (कॉक्रेन म्हणजे जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) २६ चाचण्या, तीन हजारांवर माणसं एकत्र बघितली आणि त्यांचंही म्हणणं आलं की वरवरच्या भाजण्यात मधाने जखम नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरते, आणि ऑपरेशननंतर पू झालेल्या जखमेतही अँटिसेप्टिक आणि गॉझपेक्षा लवकर भरते, तिथे चाचणी मात्र एकच. बाकी जखमांबद्दल ठाम सांगण्याएवढा पुरावा चांगल्या दर्जाचा नाही असं ते स्पष्ट म्हणतात.

आणि पायावरच्या शिरांच्या अल्सरमध्ये तर नन्नाच. न्यूझीलंडमध्ये, म्हणजे मनुकाच्या माहेरीच, २००८ मध्ये ३६८ पेशंटवर चाचणी झाली, दोन्ही गटांना घट्ट दाबाचं बँडेज, एका गटाला मधाचं ड्रेसिंग, बारा आठवड्यांनी बघितलं तर बरं होण्यात म्हणावा असा फरक नाही, उलट मधवाल्यांना दुखणं जास्त. त्यामुळे ज्यांच्या पायावर शिरा फुगून घोट्याजवळ जखम झालीय त्यांनी ट्यूबच्या मागे लागण्यापेक्षा दाबाच्या बँडेजच्या मागे लागा. बॉक्सवर मात्र "लेग अल्सर" हा शब्द यादीत पहिला. दीड स्टारमधला मोठा वाटा ह्याचा आहे.

कोणी घेऊ नये ते पण सांगते. मधमाशीच्या डंखाची किंवा मधाची अॅलर्जी असेल त्यांनी अजिबात नाही. काळी कोरडी खपली असलेल्या जखमेवर आपल्या मनाने नाही, खाली रक्तपुरवठा आहे की नाही हे आधी बघावं लागतं. खोल भोसकलेली, प्राण्याने चावलेली, हाड दिसणारी जखम हा घरचा विषयच नाही. डायबेटिस असेल तर पायाची कुठलीही जखम आधी डॉक्टरला दाखवा, आणि मोठ्या जखमेवर मध वापरत असाल तर रक्तातली साखर बघत राहा असं पत्रकातही आहे (हे मात्र ठळक होतं, शाबास).

पोव्हिडोन आयोडीनशी तुलना करायची तर ताज्या खरचटण्याला मी अजूनही तेच वापरीन, नाहीतर स्वच्छ पाणी आणि साबण. मध ताज्या किरकोळ जखमेला वापरणं म्हणजे उगाच चिकचिक आणि उगाच खर्च. मध्ये माझा हात वाफेने भाजला, फोड फुटला, तेव्हा मात्र दहा-वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली हात धरल्यानंतर मधाचं जेल लावलं, आणि तिथे गळती नाही, चिकटणं नाही, खाली कातडी छान गुलाबी आली. तसंही ते आपोआप आलं असतंच म्हणा. पण ड्रेसिंग बदलताना दुखलं नाही ह्याला मी साक्षीदार आहे.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याने, असल्या ड्रेसिंगला २००७ मध्ये परवानगी दिली ह्याचा जाहिरातीत फार गाजावाजा असतो. त्या परवानगीचा अर्थ एवढाच की ड्रेसिंग म्हणून विकायला हरकत नाही, जंतुसंसर्ग बरा करणारं औषध म्हणून नाही. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि विकणारे तो मुद्दाम पुसट ठेवतात.

बाबांची जखम भरली, जागा अजून थोडी काळपट आहे. सुटे मार्क द्यायचे तर अल्जिनेट पट्टीला साडेचार, जेलला साडेतीन, गॉझला अडीच आणि पत्रकाला एक, तोही साखरेच्या सूचनेसाठी. पाणी भरपूर सुटत असेल तर पट्टी घ्या, जखम कोरडसर किंवा लहान असेल तर जेल. ट्यूब घेताना सगळ्यात छोटी घ्या, कारण एकदा उघडली की ती एकाच माणसाची, माझ्या हातासाठी बाबांची ट्यूब वापरता आली नाही, वेगळी आणावी लागली, आणि उघडल्यावर किती दिवस चालते ते ट्यूबवर बघून झाकणावर तारीख लिहून ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, दगडासारखी घट्ट होते आणि पिळताना ट्यूबच मागून फाटते.